शिळ्या अन्नाची बखर

मराठी माणसाच्या इतिहासप्रेमाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गडकिल्ले, लढाया, तहनामे आणि वंशावळी यांत आपण मनापासून रमतो. परंतु काल रात्री उरलेल्या भाताचे आज सकाळी काय करावयाचे, या प्रश्नालाही एक इतिहास आहे. तो शोधण्यासाठी व्रतांच्या कहाण्या, स्मृतिग्रंथांतील नियम, दुष्काळाच्या हकीकती आणि आपल्याच घरातील फडताळ अशी फिरती करावी लागते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कटकचा बाराबाटी किल्ला असावा. तोही पुढे येईल. पण आमची वाट स्वयंपाकघरातून जाते.

प्रथम शब्द पाहू. आपला 'शिळा' हा शब्द संस्कृत 'शीतल' या शब्दापासून आलेला आहे. म्हणजे मराठीने या अन्नाचे निवलेपण तेवढे टिपले. हिंदी-बंगालीतील 'बासी'च्या मुळाशी राहणे या अर्थाचा धातू आहे. जे रात्रभर मुक्कामास राहिले ते बासी. शास्त्रीपंडितांचा 'पर्युषित' हा शब्दही त्याच धातूचा. तमिळमधील 'पळैय सोरु' म्हणजे सरळसरळ जुना भात. आणि ज्या प्रांतात आपण आज राहतो तेथील 'पखाळ' हा शब्द 'प्रक्षालित' या संस्कृत शब्दाशी नाते सांगतो, म्हणजे पाण्याने धुतलेला. एकाच पातेल्यातील भाताला कोणी थंड म्हटले, कोणी मुक्कामी, कोणी जुना, तर कोणी धुतलेला. केंद्र सरकारच्या नोकरीतील बदल्यांमुळे रायपूर, कोलकाता, चेन्नई आणि भुवनेश्वर अशा चारही ठिकाणी हा भात आमच्या पानात पडला. कार्यालयीन कामकाजापेक्षा या अनुभवाने देशाचे ज्ञान अधिक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

शिळे, उष्टे आणि खरकटे हे तीन शब्द आपण बोलताना एकत्र गुंफतो; पण त्यांचे अर्थ अगदी निरनिराळे आहेत. शिळे म्हणजे ज्याच्यावरून वेळ गेली ते. उष्टे म्हणजे ज्याला दुसऱ्याचे तोंड वा हात लागला ते. खरकटे म्हणजे शिजलेल्या अन्नाचा, विशेषतः भाताचा, लेप ज्याला लागला आहे ते. शिळ्याचा संबंध घड्याळाशी आहे, उष्ट्याचा संबंध माणसाशी. या लेखाची सारी मेख या भेदातच आहे, म्हणून तो आरंभीच नोंदवून ठेवतो.

शास्त्रकारांचे मत शिळ्या अन्नाला अनुकूल नव्हते हे प्रसिद्धच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्याला प्रहर उलटून गेला, ज्यातील रस गेला, जे रात्रभर राहिले, ते अन्न तामस माणसाच्या आवडीचे म्हणून सांगितले आहे. येथे बहुतेक प्रवचनकार थांबतात. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मात्र अधिक व्यवहारी आहे. तूप-तेलाचा अंश असलेले अन्न शिळे झाले तरी खाण्यास हरकत नाही. यज्ञातील उरलेले हविर्द्रव्य चालते. आणि सातू-गव्हाचे पदार्थ व दुधापासून झालेले पदार्थ तर स्निग्धांश नसतानाही, बराच काळ ठेवलेले असले तरी चालतात, असा तेथे निर्वाळा आहे. ज्याने हा नियम घालून दिला त्याला कोठीघराची माहिती होती, यात संशय नाही. पाण्यात शिजविलेला भात दमट हवेत सकाळपर्यंत बिघडतो. तुपात तळलेले अथवा कोरडे भाजलेले टिकते. निरीक्षण स्वयंपाकघरातले आणि भाषा शुचिर्भूततेची, असा हा प्रकार आहे. उत्तर हिंदुस्थानातील 'पक्की' आणि 'कच्ची' रसोई हा भेद याच वळणावर गेलेला दिसतो.

आपल्याकडील दशमी ही या नियमाचीच लेक. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजविले की ती पोळी वा भाकरी प्रवासात चालते, कडक सोवळ्यातील माणसालाही चालते, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. नोकरीनिमित्त आपल्या वाडवडिलांनी आगगाडीतून जे लांबलांबचे प्रवास केले त्यांत पितळी डब्यातील दशम्या, तिळाची चटणी आणि लिंबाचे लोणचे यांचा वाटा फार मोठा आहे. मनूची आठवण त्यांतील कोणालाही झाली नसेल. पण डबा भरणाऱ्या आजीने त्याचा श्लोक न वाचता पाळला होता.

एका बाजूला शास्त्र शिळ्याला नाक मुरडते, तर दुसऱ्या बाजूला वर्षातील एक दिवस शिळेच खाल्ले पाहिजे असा धर्म सांगतो. हा दिवस म्हणजे श्रावण शुद्ध सप्तमी, आपली शिळासप्तमी. षष्ठीच्या दिवशी सारा स्वयंपाक करून ठेवावयाचा, चूल सारवून थंड करावयाची, आणि सप्तमीला ती मुळीच पेटवावयाची नाही. पाणी न लागणाऱ्या तलावाची आणि सुनेच्या मुलाची कहाणी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. त्या कहाणीतील वाणातही दहीभातच आहे. हेच व्रत गुजरातेत श्रावण वद्य सप्तमीला 'शीतळा सातम' म्हणून होते आणि आदल्या दिवसाला तेथे 'रांधण छठ' असे उघड व्यवहारी नाव आहे. राजस्थान-उत्तर प्रदेशात होळीनंतर आठव्या दिवशी, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्य अष्टमीस, 'बसौडा' येतो. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी शीतल षष्ठी असते. त्या दिवशी आदल्या रात्री अख्ख्या भाज्या व कडधान्ये एकत्र शिजवून ठेवलेले 'गोटा सेद्ध' थंडच खातात. शिवाय भाद्रपद संक्रांतीला 'अरंधन' आहेच.

या साऱ्या दिवसांची अधिष्ठात्री बहुतांशी शीतला, म्हणजे देवीच्या रोगाची देवता. ज्या घरात मूल फोडांनी आणि तापाने होरपळत पडले आहे त्या घरात विस्तव, फोडणीचा खमंग वास आणि तळण यांना मनाई असे. उष्णतेच्या रोगाला शीतलतेचा उतारा, हा त्यामागील विचार. भारतात देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, म्हणजे आपले मंडळ नुकते बाळसे धरीत होते त्या सुमारास. आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, चुलीची जागा गॅसने घेतली, तरी थंड जेवणाचा दिवस राहिला. स्वयंपाक करणाऱ्या बाईला वर्षातून एक दिवस चुलीपासून सुटका मिळत असे, हाही या व्रताच्या दीर्घायुष्याचा एक अर्थ असावा असे आम्हास वाटते. अर्थात आदल्या दिवशी तिला दुप्पट राबावे लागे, हे हिशेबात धरले पाहिजे.

आता ओडिशाकडे वळू. १७५१ साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने हा प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. शिवभट साठे यांच्यासारखे सुभेदार कटकास बसले; पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्था मराठ्यांच्या हाती आली; कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर येऊन उभा राहिला तोही याच काळात. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी बाराबाटी घेतला आणि ते पर्व संपले. संपादकांना दिलेला शब्द येथे पुरा झाला असे समजावे.

पुरीच्या मंदिरात अन्नाच्या शिळेपणाचे आणि उष्टेपणाचे सारे नेहमीचे नियम दारातच थांबतात. मातीच्या भांड्यांत शिजलेले अन्न देवाला दाखविले की ते महाप्रसाद होते. महाप्रसादाला शिळेपणाचा दोष नाही आणि स्पर्शाचाही नाही; आनंदबाजारात भिन्न जातींची माणसे एकाच पात्रातून तो खातात. रात्रीच्या नैवेद्यात देवाला पखाळही दाखविला जातो, म्हणजे पाण्यात घातलेला भात येथे गरिबाच्या झोपडीत आहे तसा रत्नवेदीपुढेही आहे. उरलेला भात उन्हात वाळवितात. त्या कोरड्या शितांना 'निर्माल्य' म्हणतात आणि यात्रेकरू ती लहानशा पुडीत घालून घरोघर नेतात. आपल्याकडे निर्माल्य म्हणजे देवावरची उतरलेली फुले. येथे तो भात आहे, आणि मरणाऱ्याच्या मुखात त्याचे एखादे शीत घालतात. उरलेल्या अन्नाला याहून मोठा मान कोठे मिळाला असेल असे वाटत नाही. मात्र या मंदिराचे दार दीर्घकाळ सर्वांना खुले नव्हते, हेही त्याच बखरीत लिहिले पाहिजे.

पखाळ करण्याची रीत अगदी साधी. रात्रीच्या भातात तो बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी घालून ठेवावे. सकाळपर्यंत भातात उपजतच शिरणारे आंबवणारे जीवाणू आपले काम करतात, पाणी किंचित आंबट होते आणि त्या आंबटपणामुळे बिघडविणारे इतर जीवाणू मागे हटतात. ते पाणी म्हणजे 'तोराणी'. ते फेकावयाचे नसते, प्यावयाचे असते. ताजा भात लगेच पाण्यात घालून खाल्ला तर 'सज पखाळ', रात्रभर राहिला तर 'बासी पखाळ'. सोबत भाजलेल्या वड्यांचा चुरा, परतलेली पालेभाजी, बटाट्याचे भरीत किंवा तळलेला मासा. छत्तीसगडात हाच भेद 'बोरे' आणि 'बासी' या दोन शब्दांनी करतात. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, तेथील राज्य सरकारने सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले आणि मंत्र्यासंत्र्यांची कांदा-मिरचीसह छायाचित्रे निघाली. ओडिशात २० मार्च हा पखाळदिन म्हणून साजरा होऊ लागला आहे. सकाळी शेतावर जाणाऱ्याचे जे एकमेव अन्न होते ते आता तारांकित उपाहारगृहात पितळी ताटात मिळते. आम्हास त्याचे वैषम्य वाटत नाही. पण दरपत्रक पाहून हसू येते.

आपल्याकडे भाताला पाण्यापेक्षा फोडणी अधिक मानवली. कोरड्या देशावर रात्रीचा भात सकाळपर्यंत तसा फारसा बिघडत नसे. मोहरी, हळद, मिरची आणि कांदा यांनी त्याला नवा जन्म मिळे. शिळ्या पोळीचा कुस्करा हा त्याचाच भाऊ. काही घरांत त्याला 'माणिकपैंजण' असे नाटकातील नायिकेस शोभणारे नाव होते. दरिद्री पदार्थाला भरजरी नाव देण्यात आपल्या बायकांचा विनोद दिसतो. गूळ-तूप घातले की त्याच पोळीचा लाडू, म्हणजे मलिदा. सोलापूरकडची कडक भाकरी मुळातच टिकविण्यासाठी केलेली. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा ताकात, दुधात वा आमटीत काला मोडावयाचा. आणि गोपाळकाल्यातला 'काला'ही हाच शब्द. साऱ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून कोणाचे कोणते हे न उरू देणे, ही वारकऱ्यांची सप्ताहसमाप्ती. गोव्याकडे माशाच्या उरलेल्या आमटीला मंद विस्तवावर आटवून 'कालची कोडी' करतात. गोव्याची मंडळी आपल्या मंडळात आहेत, त्यांच्यासमोर कालच्या कोडीपेक्षा आजची कोडी श्रेष्ठ असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पुरणाच्या डाळीचे काढून घेतलेले पाणी म्हणजे कट. त्याची आमटी हीही मूळची काटकसरच, आणि ती दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते.

येथवरचा इतिहास गोड आहे. पण हे शिळे कोणाच्या वाट्याला येत होते हा प्रश्न विचारल्यावाचून तो खरा होत नाही.

घरातल्या घरात ते बायकांच्या वाट्याला येत होते. पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि शेवटी बायकांची. भांड्यात जे राहिले असेल ते त्यांचे. ताजे थोडे आणि कालचे पुष्कळ असले तर कोणी काय खावे याची चर्चा होत नसे. पतीच्या उष्ट्या ताटात पत्नीने जेवण्याची रीत तर पुण्यकारक मानली जाई. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जाळीचे कपाट होते. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. त्या कपाटातील कालच्या पोळ्या तिने आम्हास दिल्याचे मला आठवत नाही. त्या संपत मात्र होत्या.

घराबाहेर ते उंबऱ्याखाली जात होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवकाला काय द्यावे याची यादी आहे: उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातील कोंडा-फोल आणि जुने अंथरूण. गावगाड्यात येसकराची पाळी असलेला महार दिवसभर गावाची कामे करी आणि सायंकाळी घरोघर भाकरी मागत फिरे. तो त्याचा हक्क म्हणून नोंदलेला होता. पण वर्षभराच्या राबणुकीचा मोबदला टोपलीतील कोरड्या तुकड्यांनी मिळणे, याला हक्क म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्याच परिषदेतील भाकरीच्या तुकड्याविषयीचा हा भाग तितका सांगितला जात नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. वर ज्या ग्रंथातील दशमीच्या नियमाचे आम्ही कौतुक केले तोच हा ग्रंथ. पाचवा अध्याय वाचणाऱ्याने दहावाही वाचला पाहिजे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि ओमप्रकाश वाल्मीकींचे हिंदी आत्मकथन १९९७ साली. त्याचे नावच 'जूठन', म्हणजे उष्टे, असे आहे.

ओडिशात याचे दुसरे, उलट रूप १८६६ साली दिसले. त्या वर्षीच्या दुष्काळाला गजपती दिव्यसिंहदेवाच्या राज्यवर्षावरून 'नअंक' म्हणतात. त्यात सुमारे दहा लाख माणसे, म्हणजे प्रांतातील जवळजवळ तिसरा हिस्सा, मेली. बाहेरून वेळेवर तांदूळ आणविण्यास सरकार तयार नव्हते आणि पावसाळा सुरू झाल्यावर बंदरे व वाटा बंद झाल्या. नंतर अन्नछत्रे उघडली. तेथे जाऊन ज्यांनी सर्वांबरोबर शिजलेले अन्न खाल्ले ते जगले. पण त्यांच्या जातींनी त्यांना परत घेतले नाही. त्यांना 'छत्रखिया', म्हणजे छत्रात खाणारे, असे नाव पडले आणि त्यांची एक वेगळी जातच होऊन बसली. अन्न ताजे होते, शिजवून वाढलेले होते. तरी ते उष्ट्याहून वाईट ठरले. आनंदबाजारापासून थोड्या कोसांवर हे घडले.

विसाव्या शतकात उरलेल्या अन्नाचा प्रश्न सरकारच्या दप्तरात शिरला. १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मरत होती त्याच वर्षी, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि शिधापत्रिका घरातील महत्त्वाच्या कागदांत जाऊन बसली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे असे देशाला आवाहन केले. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि रोजगाराच्या कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. त्या पिढीतील माणसे पानात शीत टाकीत नाहीत, ते कंजूषपणामुळे असे नातवंडांनी समजू नये.

मग शीतकपाट आले. गोदरेजने १९५८ साली देशात त्याचे उत्पादन सुरू केले. सामान्य नोकरदाराच्या घरी ते पोहोचण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. त्याने एक विचित्र उलथापालथ केली. पूर्वी अन्न सकाळपर्यंत संपविणे भाग होते, म्हणून फोडणी, काला, कुस्करा आणि तोराणी ही सारी विद्या जन्मास आली. आता ते तीन दिवस झाकून ठेवता येते आणि चौथ्या दिवशी निर्धास्तपणे टाकून देता येते. आणखी एक गोष्ट गृहिणींनी व गृहस्थांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भात शिजला तरी बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूची बीजे त्यात जिवंत राहतात. तो तासन्‌तास कोमट हवेत उघडा राहिला तर ते वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा परतल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून फोडणीचा भात करावयाचा असेल तर उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. किनारपट्टीच्या दमट हवेत देशावरची सवय चालत नाही. या प्रांताने भात पाण्यात घातला तो उगाच नव्हे.

भुवनेश्वरातील मराठी घरांत आता दोन्ही रीती नांदतात. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीवर गेला की सकाळी दही-पखाळाचे पातेले बाहेर निघते, आणि त्यावर ओडिया शेजारीण घालते तशीच मोहरी-कढीपत्त्याची फोडणी पडते. फक्त आमच्याकडे हिंगाची चिमूट सुटत नाही. पोळ्या उरल्या तर त्याच गॅसवर कुस्करा होतो. येथे जन्मलेली मुले सुट्टीत साताऱ्याला गेली की आजीकडे तोराणी मागतात, आणि आजी त्यांना ताकाचा पेला देते.